चढण आणि उतरण : जलविद्युत धरणं आणि प्रवासी मासे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धरण आणि मासे हा विषय निघाला की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : "मग मासे वर कसे जातात?" खाली कसे येतात, हे सहसा कुणी विचारत नाही. खरा घोळ मात्र तिथेच आहे. म्हणून या पानावर चढणीइतकीच जागा उतरणीलाही दिली आहे, थोडी जास्तच.

मासे स्थलांतर करतात म्हणजे काय करतात? आपल्याकडे असं कुठे असतं?

कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मृगाचे दोन दणके पाऊस झाला, ओढ्याला लाल पाणी आलं की मासे उलटे चढायला लागतात. रायगड-ठाण्याकडे याला वलगण म्हणतात, तळकोकणात चढणीचे मासे. खाचराच्या बांधावरून जेमतेम चार बोटं जाड धार पडत असते आणि वीतभर मासा अंग तिरकं करून, शेपटीने बांध बडवत त्या धारेतून वर येतो. पोट गाबोळीने टम्म. वरच्या उथळ, नव्या पाण्यात अंडी घालायची आणि पाणी ओसरायच्या आत परत फिरायचं, एवढाच त्याचा कार्यक्रम.

हाच प्रकार मोठ्या नद्यांवर शेकडो किलोमीटर चालतो. पाला, म्हणजे बंगाल्यांचा हिलसा, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत शिरतो. सामन, म्हणजे इंग्रजीतला सॅल्मन, तसाच. अहीर, ज्याला बरेच जण वामही म्हणतात, नेमका उलटा : जन्म समुद्रात, आयुष्य नदीत, आणि मरण्याआधी एकदाच परत समुद्राकडे. महसीर समुद्र पाहतच नाही. उन्हाळा खोल डोहात काढायचा आणि पुराबरोबर वरच्या गोट्यांच्या, वाहत्या पाण्यात जायचं, अशी त्याची नदीतल्या नदीतच वारी असते.

नदी एवढी लांब आहे. एका ठिकाणी भिंत आली तर मासा दुसरीकडे अंडी घालेल, नाही का?

काही जाती घालतात. सामन नाही. ज्या ओढ्यात जन्मला त्याच्या पाण्याचा वास पिल्लूपणी त्याच्या डोक्यात बसतो आणि समुद्रात काही वर्षं काढल्यावर तो त्याच वासामागे परत येतो. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या रेडफिश तळ्यातला सॉकाय सामन समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर आत आणि जवळजवळ २,००० मीटर उंचीवर चढून येतो. पुण्याहून दिल्लीला पोहत जावं आणि वर महाबळेश्वराहून उंच चढावं, असं काहीसं. वाटेत कोलंबिया आणि स्नेक या नद्यांवर मिळून आठ धरणं लागतात. १९९२ साली त्या तळ्यात एकच मासा पोचला. एक नर. लोकांनी त्याचं नाव ठेवलं एकटा लॅरी. मादीच नाही म्हटल्यावर त्याचं बीज काढून कृत्रिम पैदाशीसाठी वापरलं गेलं.

कोलंबियावरच वर ग्रँड कूली धरण आहे, १६८ मीटर उंच, १९४२ पासून पूर्ण चालू. त्याला माशांसाठी वाटच ठेवलेली नाही. वरची दीड हजार किलोमीटरहून जास्त नदी आणि उपनद्या सामनसाठी एका फटक्यात बंद झाल्या. पाण्याखाली जाणाऱ्या केटल धबधब्यावर पिढ्यान्पिढ्या मासे धरणारे आदिवासी जून १९४० मध्ये निरोप द्यायला जमले होते. त्या मेळ्याचं नावच 'अश्रूंचा सोहळा' असं पडलं. खालच्या अंगाला सेलिलो धबधब्यावर हजारो वर्षं माशांचा बाजार भरत असे. तो १० मार्च १९५७ ला, डॅल्स धरणाची दारं बंद केल्यावर, काही तासांत बुडाला.

पण धरणांना माशांची शिडी असते ना?

असते, काही धरणांना. शिडी म्हणजे काँक्रीटच्या हौदांचा जिना. कोलंबियावरच्या बॉनव्हिल धरणाला (१९३८) अशा शिड्या सुरुवातीपासून आहेत. एकेक हौद आधीच्यापेक्षा साधारण फूटभर उंच, मधल्या भिंतीवरून आणि भोकातून पाणी खाली येत राहतं, मासा एका हौदात दम खातो आणि पुढच्यात उडी घेतो. अशी सुमारे २० मीटरची चढण. वर पोचायच्या आधी वाट अरुंद होते आणि बाजूला काचेची खिडकी येते. खिडकीमागे माणूस बसून जाणारा प्रत्येक मासा जातवार मोजतो. पर्यटकांसाठी वेगळी खिडकी आहे. हिरवट पाण्यात हातभर लांबीचा सामन काचेला नाक लावल्यासारखा उभा राहतो, प्रवाहात थोडा मागे सरकतो, पुन्हा जोर लावतो आणि एकदम दिसेनासा होतो.

ही शिडी चालते. पण का चालते ते बघा. सामन हा अंगाने दणकट, उडी मारणारा आणि हट्टी मासा. शिडी त्याच्यासाठी आखली. त्याच नदीतला लॅम्प्रे, अहिरासारखा दिसणारा, तोंडाने दगडाला चिकटून चढणारा जीव, त्याच शिडीत कोपऱ्याकोपऱ्यावर अडकायचा, कारण काटकोनी कडेला तोंड चिकटत नाही. मग त्याच्यासाठी कडा गोल कराव्या लागल्या आणि धातूचे वेगळे उतार बसवावे लागले.

दुसरी अडचण दाराची. मासा प्रवाहाच्या रोखाने चालतो. धरणाखाली सगळ्यात जोराचा प्रवाह असतो टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा, शिडीच्या तोंडाशी त्या मानाने करंगळीएवढी धार. तेव्हा मासा वीजघराखालीच घुटमळत राहतो. शिडीच्या तोंडाशी मुद्दाम जास्त पाणी सोडावं लागतं, आणि ते पाणी म्हणजे न झालेली वीज. काटकसर इथेच होते.

तिसरी गोष्ट, ज्या नदीत माशांच्या शेकडो जाती आहेत तिथे एकाच मापाची शिडी काय करणार? थायलंडमध्ये मेकाँगच्या मून या उपनदीवर १९९४ मध्ये पाक मून धरण झालं. शिडी सामनच्या धर्तीवरची. तिथले बहुतेक मासे ती चढलेच नाहीत. धरणांवरच्या जागतिक आयोगाच्या २००० सालच्या अभ्यासात धरणाच्या वरच्या अंगाची मासेमारी ६० ते ८० टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं ठिय्या दिला, तेव्हा कुठे वर्षातले काही महिने दारं उघडी ठेवायचं ठरलं.

आणि उंची. टिहरीसारख्या २६० मीटरच्या धरणाला शिडी लावायची गोष्ट कुणी मनावरही घेत नाही.

समजा शिडी उत्तम आहे. मासे वर गेले, अंडी घातली. मग अडचण काय?

मग उतरण. सामनची पिल्लं वसंतात, बोटभर झाली की समुद्राकडे निघतात. निघतात म्हणजे फारसं पोहत नाहीत, बर्फ वितळून आलेल्या पाण्याबरोबर, पुष्कळदा शेपटी पुढे करून, वाहत जातात. नदीने न्यायचं हा त्यांचा हिशेब. धरणामागे नदी थांबलेली असते. मैलोन्मैल साचलेलं, ओढ नसलेलं पाणी. पिल्लू त्यात चाचपडतं. पूर्वी जो प्रवास एका लोंढ्यात उरकायचा त्याला आता कितीतरी जास्त दिवस लागतात.

हा उशीर साधा नाही. नदीतून समुद्राकडे जाताना पिल्लाचं शरीर खाऱ्या पाण्यासाठी बदलत असतं. अंगावर चांदी चढते, कल्ले मीठ बाहेर टाकायला शिकतात. ही खिडकी काही आठवड्यांचीच. ती उलटल्यावर समुद्र गाठून उपयोग कमी. शिवाय साचलेलं पाणी तापतं. २०१५ च्या उन्हाळ्यात कोलंबियाच्या खोऱ्यात पाणी इतकं तापलं की वर चढणारे अडीच लाखांच्या आसपास सॉकाय वाटेतच मेले. आणि संथ, कोमट पाणी खाऊ माशांना मानवतं. तिथल्या पाइकमिनो नावाच्या माशाने पिल्लांवर इतका ताव मारला की १९९० च्या दशकापासून तो पकडून आणणाऱ्याला दर माशामागे रोख डॉलर दिले जातात. हो, मासे वाचवायला मासे मारायची सुपारी.

त्यानंतर भिंत. पिल्लापुढे तीन वाटा : टर्बाइन, सांडवा, किंवा खास केलेला आडरस्ता. यातली कुठलीही वाट घेतली तरी काही टक्के पिल्लं जातातच. एका धरणावर शंभरातली ९५ वाचली तर अभियंता खूश होईल, आणि व्हावंही. पण आठ धरणांचं गणित चक्रवाढीचं आहे. दर वेळी ९५ टक्के वाचले तर आठव्या धरणाखाली उरतात ६६. दर वेळी ९० टक्के, तर उरतात ४३. साचलेल्या पाण्यात मेलेली यात धरलेलीच नाहीत. एकेका धरणाचा पर्यावरण अहवाल वाचून सगळं आलबेल वाटतं ते यामुळे. मासा एक धरण ओलांडत नाही, तो अख्खी माळ ओलांडतो.

यावर अमेरिकेत काढलेला एक तोडगा ऐकून पहिल्यांदा मला थट्टाच वाटली होती. पिल्लं धरणावर गोळा करायची, नदीचं पाणी खेळवणाऱ्या बार्जमध्ये किंवा टँकरमध्ये भरायची आणि सगळी धरणं टाळून शेवटच्या भिंतीखाली नेऊन सोडायची. हे गेली कित्येक दशकं चालू आहे. पिल्लं जिवंत पोचतात. पण नदी न बघता उतरलेल्यांपैकी काही मोठेपणी परतीच्या वाटेवर भरकटतात, भलत्याच उपनदीत शिरतात.

टर्बाइनमध्ये मासे कापले जातात, हे कितपत खरं?

मिक्सर डोळ्यांपुढे आणू नका. कमी उंचीच्या धरणांवर जी मोठी, पंख्यासारखी कॅप्लान टर्बाइन असतात त्यांतून छोटं पिल्लू पुष्कळदा सुखरूप निसटतं. पात्याचा तडाखा हे एकच कारण नाही, मोठं कारण दाबाचं आहे. खोल पाण्यातला मासा पात्यापलीकडे क्षणात कमी दाबात येतो आणि सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखं त्याच्या अंगात होतं. वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुगतो, फुटतोही. तडाखा मात्र लांबीप्रमाणे वाढतो. म्हणून समुद्राकडे निघालेला मीटरभर लांबीचा अहीर सापडला तर त्याचं काही खरं नाही. तो वर चढताना काडीएवढा असतो, ओल्या भिंतीवरूनही सरपटत जातो. मरतो तो उतरताना.

उंचावरून पाइपातून पाणी आणून पेल्टन चक्रावर मारणाऱ्या प्रकल्पांत, उदाहरणार्थ खोपोली किंवा भिरा इथे, जवळजवळ ५०० मीटरचा दाब असतो. त्यातून मासा जिवंत जायचा प्रश्नच नाही. तिथे पाइपाच्या तोंडाशीच त्याला अडवावं लागतं.

मग पाणी सरळ सांडव्यावरून सोडलं तर?

तुलनेने चांगली वाट आहे आणि कोलंबियावर कोर्टकचेऱ्या करून वसंतात ते पाणी सोडायला लावलं गेलं. पण त्यातही मेख आहे. उंचावरून कोसळणारं पाणी हवा घेऊन खोल जातं, दाबाखाली नायट्रोजन विरघळतो आणि माशांच्या रक्तात बुडबुडे धरतात. पाणबुड्यांना होतो तसाच त्रास. म्हणून सांडव्याच्या पायथ्याशी काँक्रीटची ओठासारखी कड बसवतात, पाणी खोल न जाता पसरून पडावं यासाठी.

'रन ऑफ द रिव्हर' प्रकल्पात तर धरणच नसतं. त्याने काय बिघडतं?

नाव फसवं आहे. मोठा साठा नसतो एवढंच. हिमालयात या प्रकारात नदीवर बंधारा घालून पाणी बोगद्यात वळवतात आणि काही किलोमीटर खाली वीजघरात काढतात. मधला नदीचा तुकडा कोरडा, नाहीतर घोट्याएवढा. महसिराला किंवा तिथल्या 'असला' नावाच्या माशाला भिंत काय आणि कोरडी नदी काय, दोन्ही सारखंच. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये गंगेसाठी किमान प्रवाह ठरवून दिला. हरिद्वारच्या वर नोव्हेंबर ते मार्च मासिक सरासरीच्या २० टक्के, ऑक्टोबर आणि एप्रिल-मेमध्ये २५, पावसाळ्यात ३० टक्के. काहीच नव्हतं त्यापेक्षा बरं. पण वीस टक्के पाण्यात मासा जगणं वेगळं आणि प्रवास करणं वेगळं.

शिवाय विजेची मागणी संध्याकाळी वाढते, तशी टर्बाइन संध्याकाळी चालतात. खालच्या नदीला रोज लहानसा पूर आणि रोज लहानसा दुष्काळ. अंडी ज्या गोट्यांवर घातली ते गोटे सकाळी उघडे पडलेले.

भारतात सगळ्यात मोठा फटका कुणाला बसला?

ठळक उदाहरण पाल्याचं, पण एक गोष्ट आधी साफ करू. फराक्का हा जलविद्युत प्रकल्प नाही. हुगळीत पाणी वळवून कोलकाता बंदरातला गाळ हटावा म्हणून १९७५ मध्ये सुरू झालेला तो बराज आहे, दोन किलोमीटरहून लांब, १०९ दारांचा. भिंत मात्र भिंतच. त्याआधी बंगालच्या उपसागरातून निघालेला पाला अलाहाबाद, कानपूरपर्यंत चढायचा. बराजनंतर बिहार-उत्तर प्रदेशातला तो धंदा बसला. माशांना वर चढवायला केलेल्या पाणकोठ्यांचा फारसा उपयोग झाला नाही. २०१९ मध्ये नवा जलवाहतूक लॉक (बोटी वरखाली नेणारा दारांचा हौद) बांधताना पाल्याच्या हंगामात पहाटे काही तास दार उघडं ठेवायची योजना जाहीर झाली, आणि बराकपूरची केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था फराक्काच्या वर पाला सोडते आहे.

सिंधूवर तेच. सिंधी लोक याला पल्ला म्हणतात आणि त्यांचा झुलेलाल पल्ल्यावरच बसून येतो. उल्हासनगरच्या कुठल्याही झुलेलाल मंदिरात जाऊन बघा, कमळाखाली मासा दिसेल. हा पल्ला पूर्वी मुलतानपर्यंत जायचा. १९३२ चा सक्करचा बराज आणि १९५५ चा कोटरीचा बराज झाल्यावर त्याची धाव समुद्राजवळच्या तुकड्यापुरती राहिली. देवाचं वाहन अडकलं असं म्हणायला हरकत नाही.

नर्मदेत भरूचच्या खाडीतली पाल्याची मासेमारी अशीच उतरली. सरदार सरोवर खाडीच्या बरंच वर आहे, तरीही. कारण पाल्याला खाडीत शिरायची हाक पुराचं गोडं पाणी देतं. ते पाणीच वर अडलं की दारात भिंत असायची गरज राहत नाही.

आणि आपल्या सह्याद्रीत?

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. टाटांची वीजघरं, खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२), भिरा (१९२७), ही पूर्वेला वाहणाऱ्या नद्यांच्या अगदी उगमाजवळचं पाणी अडवून पश्चिमेला कोकणात पाडतात. कोयनाही तसंच करते. १०३ मीटरचं धरण, १,९६० मेगावॉट, आणि वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी कृष्णेऐवजी वाशिष्ठीत. चिपळूणकर त्याला कोयनेचं अवजल म्हणतात. म्हणजे एका नदीचं पाणी तुटतं आणि दुसरीला भर उन्हाळ्यात, वीजनिर्मितीच्या वेळापत्रकाने, भरती येते. माशाला हंगाम कळतो तो पाण्याची पातळी, गढूळपणा आणि थंडावा यांवरून. वाशिष्ठीतल्या माशाला ही तिन्ही खुणा आता वीजघर देतं.

आपला मोठा प्रवासी मासा म्हणजे दख्खनी महसीर, कुठे कुठे खडची म्हणतात. १८३९ साली साइक्स नावाच्या कर्नलने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आज मुळा-मुठेच्या पुलावर नाक धरून उभं राहताना हे सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. महसिराला उन्हाळ्यात खोल डोह आणि पावसाळ्यात वाहते गोटे, दोन्ही लागतात, आणि दोन्हींमधली वाट. डोह लोकांनी देवाच्या नावाने राखले म्हणून अजून दिसतात. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत वरदायिनीचे मासे कुणी धरत नाही, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वराचे धरत नाहीत. देवाने डोह सांभाळला. वाट सांभाळायला कुणी देव नेमलेला नाही.

उजनीत तर मासेच मासे आहेत. मग धरणाने मासे कमी होतात हे कसं?

भिगवणला जाऊन चिलापी खाल्लेला प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. धरणात मासळी होते, भरपूर होते. पण ती कुठली? चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली, संथ पाण्यात वर्षातून अनेकदा पिल्लं काढणारी. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलेलं असतं. साचलेल्या पाण्याचा मासा वाढला आणि वाहत्या पाण्याचा गेला, तरी टनांचा हिशेब वाढलेलाच दिसतो. भोयांना विचारा. मासे किती हे सरकार विचारतं, मासे कोणते हे त्यांना ठाऊक असतं.

हॅचरीत पिल्लं काढून नदीत सोडली की प्रश्न मिटेल?

या प्रश्नाचं उत्तर थेट लोणावळ्यातून कावेरीत जातं. वळवण धरणाशेजारी टाटांचं महसीर बीजकेंद्र १९७० च्या दशकापासून चालू आहे. मोठे मासे तलावातून धरायचे, हलक्या हाताने पोट दाबून अंडी काढायची, त्यावर नराचं बीज मिसळायचं, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये उबवायचं. महसीर नामशेष होईल अशी भीती असताना हे काम उभं राहिलं आणि लाखो पिल्लं देशभर गेली. हेतूबद्दल मला शंका नाही.

त्यातली काही कावेरीत सोडली गेली. कावेरीत आधीपासून स्वतःचा महसीर होता. पाठीवर वशिंड असलेला, नारिंगी परांचा, जगभरचे गळवाले ज्याच्यासाठी यायचे तो. पुढे गळवाल्यांच्याच जुन्या नोंदवह्या संशोधकांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये मांडलं की वशिंडवाला कमी कमी होत गेला आणि त्याच्या जागी निळ्या परांचा, म्हणजे आपला दख्खनी, वाढत गेला. २०१८ मध्ये वशिंडवाल्याची ओळख टॉर रेमादेवी या नावाने पक्की झाली आणि त्याच वर्षी तो जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून लागला. त्याच यादीत दख्खनी महसीर आता धोक्याबाहेर आहे. एका नदीचा मासा वाचवताना दुसऱ्या नदीचा हातचा जायची वेळ आली.

कोलंबियावरही हॅचऱ्या दशकानुदशकं चालू आहेत, आज वर येणाऱ्या सामनपैकी बहुतेक हॅचरीतलेच. पाठीमागचा छोटा मांसल पर कापून त्यांना खूण करतात. खिडकीतला आकडा फुगतो, पण खुणेविना मासा किती, तो खरा आकडा.

धरण काढून टाकलं तर मासे परत येतात का?

येतात, आणि अपेक्षेपेक्षा लवकर. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीवरची दोन धरणं (१९१३ आणि १९२७) २०११ ते २०१४ मध्ये टप्प्याटप्प्याने पाडली. टप्प्याने, कारण मागे सुमारे २ कोटी घनमीटर गाळ साठला होता. तो एकदम सुटला असता तर खालच्या माशांचे कल्ले भरले असते. गाळ हळूहळू समुद्राला मिळाला आणि मुखाशी झिजलेला किनारा पुन्हा भरला. २०२३ मध्ये क्लॅलम आदिवासींनी तिथे धरणं पाडल्यानंतरची पहिली सामन मासेमारी केली.

क्लॅमथ नदीवर २०२३-२४ मध्ये चार धरणं काढली. शेवटचं काम आटोपून काही आठवडेही झाले नव्हते, तोवर १६ ऑक्टोबर २०२४ ला वरच्या ओरेगनमधल्या एका उपनदीत सामन दिसला. तिथे तो १९१२ नंतर प्रथमच पोचला होता. शंभर वर्षं त्या वासाचा एकही मासा वर गेला नव्हता. तरी गेले. जन्माच्या ओढ्याकडे परतणारा हा मासा, पण प्रत्येक पिढीत थोडे चुकार असतात, आणि नव्या वाटा तेच उघडतात.

जगभर हे मासे किती कमी झालेत?

२०२४ च्या एका जागतिक आढाव्यात प्रवासी गोड्या पाण्यातल्या माशांच्या २८४ जातींच्या नोंदी घेतल्या होत्या. १९७० ते २०२० या काळात त्या नोंदींमध्ये सरासरी ८१ टक्के घट दिसते. शंभरातले ८१ मासे मेले, असा याचा अर्थ लावू नका. जिथे मोजणी चालू होती त्या ठिकठिकाणच्या थव्यांतल्या घटीची ती सरासरी आहे. कारणंही सगळी धरणं नव्हेत. प्रदूषण, वाळूउपसा, अतिमासेमारी यांचा वाटा आहेच.

एकंदरीत तुम्ही धरणांच्या विरोधात आहात तर?

हे उत्तर मी विजेवर चालणाऱ्या पंख्याखाली बसून लिहितो आहे. कोयना बंद करा असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि भेटला तर मीही त्याच्याशी वाद घालेन. पण पाच मेगावॉटसाठी एखादी अख्खी उपनदी बंद करायची असेल तर हिशेब मांडून दाखवा, एवढं म्हणायला काय हरकत आहे? आणि ज्या नदीवर आधीच सहा भिंती आहेत तिथली सातवी, मोकळ्या नदीवरच्या पहिलीपेक्षा कमी घातक ठरू शकते. निवड करायचीच तर निदान माळेकडे बघून करावी.

गावपातळीवर काही करता येतं का?

येतं, आणि फुकटात. वनराई बंधारा पहिल्या पुरात वाहून जातो, त्याची काळजी नको. कोल्हापुरी बंधाऱ्याची आहे. त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, दिवाळीच्या सुमारास घालतात आणि पावसाआधी काढायचे असतात. एका वर्षी माझ्या आजोळी ते कुणी काढायचे यावरून टोलवाटोलवी झाली आणि जूनचा तिसरा आठवडा उजाडला तरी बरगे जागेवर. वलगण वेळेवर आली. बंधाऱ्याखाली गुडघाभर पाण्यात मासा इतका दाटला की पाणी शिजत असल्यासारखं दिसत होतं. बरग्यांवर आपटण्याचा आवाज मामाच्या ओटीपर्यंत येत होता, ओली टाळी वाजवल्यासारखा. निम्मं गाव कोयत्या, पाट्या, खताच्या गोणी, मच्छरदाण्या घेऊन उतरलं. मीही उतरलो, खोटं का बोलू. सकाळी दगडांवर पिवळी गाबोळी सांडलेली होती आणि कावळे बसले होते. पुढच्या दोन पावसाळ्यांत वरच्या ओढ्याला वलगण चढली, पण चार पोरांच्या टोपलीत मावेल एवढीच.

आता मेच्या शेवटी मामेभावाचा फोन येतो तेव्हा आंब्यांच्या आधी मी बरगे विचारतो. गेल्या खेपेला म्हणाला, "काढले, सगळे काढले, एक वाकडा होता तो राहिलाय." वाकडा राहिला तर राहू दे. बाजूने वाट आहे.